श्वासांची कच्ची वही

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मोंढ्यात आडतीचे दुकान आणि वरच्या मजल्यावर राहते घर. गेल्या हिवाळ्यात त्या घरातील सात महिन्यांचे बाळ आजारी पडले. सुरुवात नेहमीसारखीच झाली. थोरल्या जावेचा मुलगा शाळेतून सर्दी घेऊन आला, दोन दिवसांनी ती बाळाच्या नाकात उतरली आणि तिसऱ्या रात्री छातीतून घरघर ऐकू येऊ लागली. रात्री अकराच्या सुमारास त्या खोलीत सात माणसे होती. खिडक्या बंद, बाळाच्या अंगावर दोन स्वेटर आणि कानटोपी, कोपऱ्यात शेगडीवर ओव्याची धुरी, आणि प्रत्येकाजवळ एकेक उपाय. बाळ मात्र रडत होते आणि रडण्याने त्याची धाप वाढत होती. ज्या एकत्र कुटुंबाने ही रात्र कधी अनुभवली नाही, असे कुटुंब विरळाच.

त्याच दिवशी दुपारी बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवले होते. त्यांनी छाती तपासली, ऑक्सिजन मोजला आणि सांगितले, की श्वासनलिकेच्या टोकाच्या बारीक फांद्यांना सूज आली आहे; या आजाराला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. तो विषाणूंमुळे होतो, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे, आणि मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतील बाळांना होतो. मोठ्या माणसाला त्याच विषाणूने साधी सर्दी होते; पण बाळाच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आणि थोडा कफ एवढ्यानेच हवेची वाट अडते. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती लिहिली नाहीत. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत त्रास वाढेल, मग उतरेल, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळेल, असे बजावून त्यांनी नाकात घालायचे सलाइनचे थेंब दिले आणि एका मिनिटातील श्वास कसे मोजायचे ते बाळाच्या आईला दाखवले. आजोबांना हे रुचले नाही. "औषधच दिले नाही, तर फी कशाची घेतली?" हा त्यांचा प्रश्न. चाळीस वर्षे मालाचे वजन करून पैसे मोजणाऱ्या माणसाला सल्ल्याची किंमत पटणे कठीणच असते.

म्हणूनच रात्री कपाट उघडले गेले. थोरल्या नातवाच्या खोकल्याचे अर्धी बाटली औषध तिथे होते. "अर्धा चमचा देऊन बघू," असे कुणीतरी म्हणाले. बाळाच्या आईने बाटली हातातून घेतली आणि दिली नाही. या घरात त्या रात्री घडलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या दूषित औषधामुळे वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. केंद्रीय आरोग्य खात्याने तेव्हाच सूचना काढली, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. औषध शुद्ध असले तरी तान्ह्या बाळाला त्याचा उपयोग नाही. उलट गुंगीने श्वास मंदावण्याचे भय आहे. एकाच्या नावाची बाटली दुसऱ्याला पाजणे म्हणजे एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे.

मग बाळाला आराम कशाने पडतो? आधी खोलीतील माणसे कमी करावी लागतात. त्या घरात अखेरीस आई आणि आजी एवढ्याच राहिल्या. खिडकीचे एक दार उघडले, शेगडी बाहेर गेली, स्वेटर उतरून एक सुती झबले आणि एक पातळ पांघरूण राहिले. तान्हे बाळ मुख्यत्वे नाकाने श्वास घेते. नाक चोंदले की ते अंगावर पिऊ शकत नाही, उपाशी राहिले की चिडते, चिडले की धापते. म्हणून पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन थेंब घालून मिनिटभर थांबावे आणि बाहेर आलेला शेंबूड मऊ कापडाने टिपून घ्यावा. एरवी पंधरा मिनिटे पिणारे बाळ अशा वेळी पाच मिनिटांत दमते, म्हणून थोडे-थोडे पण वारंवार पाजावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही; त्यापुढच्या बाळाला उकळून कोमट केलेले पाणी चमच्याने देता येते, आणि ते आपल्या घरांत बहुधा तयारच असते. तापाचे औषध बाळाच्या वजनावरून डॉक्टरांनी ठरवून दिले असेल तेवढेच.

जागेपणी बाळाला उभे धरून खांद्याशी घेतले, तर त्याला श्वास घेणे सोपे जाते. हे मात्र आजीला कुणी शिकवावे लागले नाही. बाळाचे डोके मानेशी, एक तळवा पाठीवर, आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मंद येरझारा. ओठांत अस्पष्ट पुटपुटणे, ज्यात शब्दांपेक्षा छातीचा कंप बाळाला अधिक जाणवतो. दहा मिनिटांत रडणे थांबले. झोपल्यावर मात्र बाळ उताणे, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय ठेवावे. डोक्याखाली उशा रचल्या की मान पुढे वाकते आणि हवेची वाट आणखी अडते.

धुरीविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आजीचा ओवा मायेचा होता, यात शंका नाही. पण धूर कशाचाही असो, सुजलेल्या नळीला तो धूरच. उदबत्ती आणि डासांची कॉइलही बाळाच्या खोलीत नको. कापूर आणि कापूर असलेले मलम तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते, त्याने झटके आल्याची उदाहरणे आहेत. नाकात तेल सोडण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. ते तेल फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. गरम पाण्याच्या वाफेने भाजलेली बाळे रुग्णालयात येतात. आणि ज्या घरांत मध चालतो, तिथेही वर्षाच्या आतील बाळाला तो चाटवू नये.

आता श्वास मोजण्याविषयी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले, तेव्हा गावातील सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधे यंत्र घडवण्यात आले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. गावातील कार्यकर्ते आणि सुईणी यांनी असे निदान करून औषध दिल्यावर त्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निरक्षर सुईण जे करू शकली, ते पै-पैशाचा मेळ घालणाऱ्या घरांत सहसा कुणी करत नाही.

बाळ शांत किंवा झोपेत असताना झबले वर करून पोटाकडे पाहावे. पोट वर येऊन खाली गेले की एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजावे, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, कारण बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास, हे वेगवान समजतात. आकडा कमी असूनही बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, सगळे ओकत असेल, सुस्त पडले असेल, श्वास मध्येच थांबत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरातील उपायांची वेळ संपली. दोन-तीन महिन्यांच्या आतील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयाचा दोष असलेल्या बाळासाठी तर एवढे थांबूच नये.

त्या रात्री आईने मोबाइलचे घड्याळ लावून मोजले: ४६. दोन वाजता ४४. बाळ झोपले आणि घर झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळाने दुसऱ्यांदा छातीला तोंड लावून सोडून दिले. दुपारपासून लंगोट कोरडाच होता. आजीला घड्याळाचा काटा दिसत नाही. तिने आजोबांना घड्याळ धरायला लावले, स्वतःची जपमाळ काढली आणि नातवाच्या पोटावर नजर ठेवून श्वासागणिक एक मणी सरकवला. मिनिट संपल्यावर मणी मोजले. ५८. पुन्हा मोजले, ५७. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. दुकानात मोंढ्याचा हिशेब अर्धवट होता, आजोबा म्हणाले, "रात्र काढू, सकाळी नेऊ." आजी उठून उभी राहिली. "सकाळ नको. गाडी काढा, नाही तर मी १०८ ला फोन लावते."

जिल्ह्याच्या रुग्णालयात बाळाला दोन दिवस नाकातून ऑक्सिजन द्यावा लागला आणि नळीने दूध पाजावे लागले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः पिऊ लागले, चौथ्या दिवशी घरी आले. खोकला चालूच होता. आजोबांनी दुकानातील एक जुनी कच्ची वही वर आणून मागच्या कोऱ्या पानांवर चार रकाने आखले: वेळ, श्वास, दूध, लंगोट. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद आहे: ‘रात्री ९. श्वास ३८. दूध पोटभर. लंगोट ओला. मोजणार: आजी.’