‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचा पहिला प्रवेश डेन्मार्कमधील एल्सिनोर किल्ल्याच्या तटावर, कडाक्याच्या थंडीत, मध्यरात्री घडतो. लष्कराचा शिरस्ता असा की, तैनात पहारेकऱ्याने येणाऱ्याला हटकावे. येथे मात्र बदलीवर येणारा बर्नार्डोच अंधारात प्रथम ओळख विचारतो, आणि पहाऱ्यावरच्या फ्रान्सिस्कोला आपला अधिकार बजावून त्यालाच उलट हटकावे लागते. या उलटलेल्या क्रमातच राज्याची घडी विस्कटल्याची सूचना आहे. पहारा निर्विघ्न पार पडूनही फ्रान्सिस्कोचे मन विषण्ण आहे, आणि त्याचे कारण नाटककार सांगत नाही.

लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दिवसाउजेडी, उघड्या आकाशाखाली होत. म्हणून ही रात्र दिव्यांनी नव्हे, तर तुटक, धास्तावलेल्या शब्दांनीच निर्माण करावी लागली, हे वाचकाने ध्यानी धरावे. पुढे संशयी, विद्याव्यासंगी होरेशियोच्या डोळ्यांदेखत दिवंगत राजाचे चिलखतधारी पिशाच अवतरते, आणि त्याच्या अविश्वासाबरोबर आपलाही गळून पडतो. रोज ओतल्या जाणाऱ्या तोफा आणि रविवारीही सुट्टी न मिळणारे जहाजबांधणीचे कारागीर यांच्या उल्लेखाने नॉर्वेशी संभाव्य युद्धाची छाया गडद होते. कोंबडा आरवताच पिशाच मुक्यानेच नाहीसे होते.

नायक या प्रवेशात येतच नाही. केवळ अखेरीस त्याचे नाव निघते. आगरकरांनी 1883 मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेल्या या शोकांतिकेचे मर्म ज्याला जाणावयाचे आहे, त्याने या आरंभीच्या अंधारात क्षणभर थांबावे.