उपकारस्तुती : 'थँक्यू'च्या पलीकडे

आखातात वाढणाऱ्या आपल्या मुलांना 'थँक्यू' म्हणायला वेगळं शिकवावं लागत नाही. लिफ्टचं दार कुणी धरलं, बकाल्यातून सामान घरपोच आलं, की 'थँक्यू अंकल' आपोआप तोंडातून निघतं. पण त्या अंकलचं नाव काय, असं विचारून बघा. बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही! शिष्टाचार आला हे खरं. कृतज्ञता आली का?

आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळींकडे यासाठी एक छान शब्द आहे, 'उपकारस्तुती'. मराठी बायबलमधला. या शब्दात आधी उपकार आहे, मग स्तुती. आपल्यावर काय उपकार झाला आणि कुणाच्या हातून झाला, हे ओळखल्याशिवाय स्तुतीला अर्थच नाही. मुलांना द्यायचं ते हे ओळखणं.

लूकच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात, दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. येशू त्यांना याजकांकडे जायला सांगतो आणि वाटेतच ते बरे होतात. त्यातला एकच परत येऊन पाया पडतो. तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ काही दुष्ट नव्हते. सांगितलं तिकडेच ते निघाले होते. फक्त मागे वळले नाहीत, इतकंच. आपलीही मुलं चांगलीच आहेत हो! त्यांना मागे वळायची सवय लावायची आहे.

त्याच्या पुढच्याच अध्यायात मात्र आभाराचा एक बिघडलेला नमुना आहे. एक परुशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो. कशाबद्दल? तर आपण इतरांसारखे, त्या पलीकडच्या जकातदारासारखे नाही, याबद्दल! आपण नकळत हेच शिकवतो. साइटवरच्या मजुरांकडे बोट दाखवून म्हणतो, "बघ, ते उन्हात राबतात, तू किती नशीबवान!" हेतू चांगला असतो, पण मूल शिकतं ते एवढंच की 'मी त्यांच्यातला नाही'. त्यापेक्षा "आपण राहतो ती बिल्डिंग अशाच हातांनी बांधली" हे सांगावं. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी असते, आणि ती का, हेही सांगावं.

गावाकडे हे सोपं होतं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये सुगीच्या सणाला लोक बाजरी, भाजी, अंडी, कधी कोंबडीसुद्धा देवापुढे आणून ठेवतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. पोराच्या हातातलं कणीस कुणाच्या घामाचं, हे त्याला ठाऊक असतं. दुबईतल्या मुलाला कणीस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं दिसतं. तेव्हा इथली सुगी आपणच दाखवायला हवी. मी इंजिनिअर, म्हणून नळापासून सुरुवात करतो! हे पाणी म्हणजे समुद्राचं खारं पाणी गोडं केलेलं; ग्लासभर पाण्यामागे प्रचंड यंत्रं आणि रात्रपाळी करणारी माणसं आहेत.

चर्चची जागासुद्धा अशीच. दुबईचं सेंट मेरीज चर्च १९६७ साली सुरू झालं, ते शेख रशीद यांनी दिलेल्या जमिनीवर. एका मुस्लिम राज्यकर्त्यानं परक्या धर्माच्या पाहुण्यांना जागा दिली, हे तिथे प्रार्थनेला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं.

आमच्या घरचा रिवाज साधा आहे. रात्रीच्या प्रार्थनेत प्रत्येकानं दिवसभरातल्या तीन माणसांची नावं घ्यायची आणि त्यांनी काय केलं ते सांगायचं. 'सगळ्यांचे आभार' चालत नाही! नाव ठाऊक नसेल तर उद्या विचारून यायचं. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचं पहिलं ताट बिल्डिंगच्या नातूरकडे जातं, आणि ते मुलांनीच न्यायचं, नावानं हाक मारून.

एक पथ्य मात्र पाळावं. कृतज्ञतेची सक्ती नको. दर जूनमध्ये कुणाचा ना कुणाचा व्हिसा संपतो आणि मुलाचा जिवलग मित्र कायमचा निघून जातो. तेव्हा "देवाचे आभार मान" म्हणून त्याचं रडणं थांबवू नये. पौलानं सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलं आहे, हे खरं; पण आधी रडू द्यावं. चार दिवसांनी त्या मित्राला पत्र लिहायला बसवावं. त्याच्याकडून काय काय मिळालं, ते त्यात आपोआप उतरतं.

यात ख्रिस्ती घरापुरतं असं काही नाही. तुमच्याकडे जेवणाआधी श्लोक असेल, सांजवात असेल. त्यात तीन नावांची भर घाला. आपण इथे सगळेच पाहुणे. आज ना उद्या मुलं हा देश सोडून जातील. जाताना त्यांच्याजवळ इथल्या माणसांची नावं असावीत, एवढंच वाटतं.