काचपेटीतील प्रवाळ : अपयशाची कारणे व उपाय

इ. स. १८५० च्या सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीने सोडलेला प्राणवायू माशांनी घ्यावा, माशांनी सोडलेला कर्बद्विप्राणिल वायू वनस्पतीने घ्यावा, आणि पाणी न बदलता दोघांचाही निर्वाह व्हावा, अशी त्याची कल्पना होती. काही काळ सारे सुरळीत चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, बुळबुळीत थर वाढला आणि पाणी गढूळ झाले. अशा वेळी पात्र रिकामे करून, धुऊन पुन्हा भरावे, असेच कोणाच्याही मनात प्रथम येईल. वॉरिंग्टनने तसे केले नाही. तळ्यातील कुजकी पाने कोण खाऊन टाकतो, याचा विचार करून त्याने पाच-सहा पाणगोगलगाई त्या पात्रात सोडल्या. त्यांनी कुजका भाग फस्त केला आणि पाणी पुन्हा निवळले. साखळीतील जो दुवा मुळात वगळला गेला होता, तो शोधून जागच्या जागी बसविण्यात आला. काचपेटीतील जीवसृष्टी बिघडली असता काय करावे, याचा हा आजही उपयुक्त असा वस्तुपाठ होय.

गोड्या पाण्यात जे साधले ते खाऱ्या पाण्यात साधण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. फिलिप हेन्री गॉस याने १८५४ साली कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड या चार लवणांचे ते मिश्रण होते. कॅल्शियमचा त्यात समावेश नव्हता. त्यामुळे चुनखडीचा सांगाडा रचणाऱ्या प्रवाळांचे त्यात भागले नसते. प्रवाळ पेटीत दीर्घकाळ जगविण्याची एक सोपी वाट पुढे जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी दाखविली. सूक्ष्म जीवांनी भरलेले समुद्रातील खडक, स्वच्छ समुद्रजल आणि सतत सोडलेले हवेचे बुडबुडे हीच त्यांची मुख्य साधने होती. १९६१ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. आज युरोप-अमेरिकेत अनेक घरी अशा प्रवाळपेट्या आढळतात.

भारतीय वाचकाने एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. आपल्याकडे प्रवाळांना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले आहे. आपल्या समुद्रातून प्रवाळ काढणे किंवा त्याचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा पुढील विवेचन प्रवाळ गोळा करण्यास उत्तेजन देण्यासाठी नसून, पेटीतील अपयशावरून समुद्राचे व्यवहार समजून घेण्यासाठी आहे.

प्रवाळाच्या गरजा

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवले राहतात; ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा यजमानास देतात. या अन्नाच्या बळावर प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन चुनखडीचे घर बांधतो. त्याला प्रकाश, चुना आणि स्थैर्य या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकी स्थैर्य पेटीत सर्वांत दुर्मिळ असते. दर किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात व त्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.१ च्या आसपास असतो. अफाट विस्तारामुळे हे आकडे समुद्रात दिवसागणिक फारसे ढळत नाहीत. शंभर लिटरच्या पेटीत मात्र ते एका रात्रीत ढळू शकतात.

घाईने भरलेली पेटी

नवी पेटी भरली, पाणी स्वच्छ दिसले, म्हणून मालकाने त्याच आठवड्यात मासे सोडले. दहा दिवसांत ते धापा टाकू लागले आणि एकेक करून मेले. पाण्यात डोळ्यांना काहीच वावगे दिसत नाही. दोष असतो तो अमोनियाचा. माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. काही जंतू त्याचे नायट्राइटमध्ये, तर दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जंतू रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की याने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. खडकावर व वाळूवर त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पेटी दिसते तयार, पण असते अपुरी.

अशा वेळी मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे आणणे ही नेहमीची चूक होय. अन्न कमी करावे, थोडे पाणी बदलावे, अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबावे. खडक नळाच्या पाण्याने घासून धुण्याचा मोह टाळावा. त्यातील क्लोरीनमुळे ज्या जंतूंची वाट पाहावयाची तेच नष्ट होतात.

उडून जाणारे पाणी

पाण्याची वाफ होते, लवणे मागेच राहतात. समजा, शंभर लिटरच्या पेटीतून रोज एक लिटर पाणी उडते. दर लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने आरंभी पेटीत ३,५०० ग्रॅम लवणे होती. दोन आठवडे पाणी न घातल्यास उरलेल्या ८६ लिटरमध्ये तेवढीच लवणे राहतील, म्हणजे लिटरला सुमारे ४१ ग्रॅम. घट भरून काढण्यासाठी कोणी १४ लिटर खारे पाणी घातले, तर आणखी ४९० ग्रॅम लवणांची भर पडून प्रमाण सुमारे ४० ग्रॅम होईल. पातळी पूर्ववत झाल्याने मालक निश्चिंत होतो. प्रवाळ मात्र आकसून बसलेले असतात. उडालेल्या पाण्याच्या जागी शुद्ध गोडे पाणीच, तेही रोज थोडे थोडे, घालावे. लवणता एकदा वाढली असेल तर ती काही दिवसांत हळूहळू उतरवावी. शाळेत मिठाच्या पाण्याची दोन भांडी उन्हात ठेवून, एकात रोज गोडे व दुसऱ्यात खारे पाणी घालून, घनतामापकाच्या साहाय्याने हा फरक सहज पाहता येईल.

चुन्याचा जमाखर्च

यापेक्षा कठीण असा तिसरा पेच चांगल्या चाललेल्या पेटीत उद्भवतो. प्रवाळ वाढू लागलेले असतात. मग अकस्मात वाढ थांबते आणि फांद्यांच्या बुडाशी ऊती सुटू लागतात. मालक कॅल्शियम मोजतो. समुद्रजलात ते लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम असते. पेटीत ३९० भरते. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे म्हणून तो इतरत्र दोष शोधू लागतो, आणि येथेच फसतो.

कॅल्शियमच्या एका अणूबरोबर प्रवाळ दोन बायकार्बोनेट खर्च करतो. बायकार्बोनेटामुळे पाण्याला आम्ल पचविण्याची शक्ती येते. तिला अल्कता म्हणतात. समुद्रजलाची अल्कता लिटरला सुमारे २.३ मिलितुल्यांक असते. कॅल्शियम २० मिलिग्रॅमने उतरते तेव्हा अल्कता एका मिलितुल्यांकाने उतरते. म्हणजे कॅल्शियम ४१० वरून ३९० वर येईपर्यंत अल्कता २.३ वरून १.३ वर, जवळजवळ निम्म्यावर, आलेली असते. मोठ्या ठेवीतून थोडे गेले की कळत नाही. लहान ठेव तेवढ्यातच संपत येते. म्हणून अशा पेटीत कॅल्शियमपेक्षा अल्कता अधिक वेळा मोजावी.

ही तूट भरून काढण्याचा एक जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. तिच्यातून कॅल्शियम व अल्कता ही दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. परंतु ती तीव्र असते. संपृक्त निवळीचा सामू १२ च्या वर जातो. ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री द्यावी; कारण रात्री शैवलांचे अन्ननिर्माण थांबून पाण्यात कर्बद्विप्राणिल वायू साचतो व सामू उतरलेला असतो. घाई करून लोटाभर निवळी एकदम ओतली, तर पाणी दुधासारखे पांढरे होते. जो चुना प्रवाळास द्यावयाचा तोच चुनखडी होऊन तळाशी बसतो आणि अल्कता उलट घटते. असे झाल्यास निवळी बंद करावी, पाण्यात जोराने हवा सोडावी व पाणी निवळल्यावरच पुन्हा मोजमाप करावे. पानाला लावावयाचा चुना यासाठी वापरू नये. त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. निवळी डोळ्यांस इजा करते, म्हणून मुलांनी ती शिक्षकांच्या देखरेखीवाचून हाताळू नये.

इतर काही संकटे

खडकांवर केसाळ शैवल माजले, तर ते बहुधा अतिरिक्त अन्नाचे लक्षण होय. हाताने ते उपटावे. पण अन्न कमी केल्यावाचून ते हटणार नाही. माशांवर पांढरे ठिपके उठले असता देण्यात येणाऱ्या काही औषधांत तांबे असते. माशांना सोसणारी त्याची मात्रा प्रवाळ व शंखप्राणी यांना मारक ठरते. म्हणून आजारी मासा वेगळ्या भांड्यात नेऊनच औषध द्यावे. उन्हाळ्यात वीज गेली तर पंप थांबतो. कोमट पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. अशा वेळी विजेरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा आणि अन्न मुळीच घालू नये.

प्रवाळ पांढरा पडला म्हणजे तो मेलाच, असे समजून फेकून देऊ नये. उष्णतेने किंवा एकाएकी वाढविलेल्या प्रकाशाने प्रवाळातील शैवले निघून जातात. पारदर्शक ऊतींमधून सांगाडा दिसतो, पण प्राणी जिवंत असतो. बारकाईने पाहिल्यास त्याचे इवलेसे शुंडक हलताना दिसतात. तापमान उतरवून, प्रकाश सौम्य केल्यास शैवले परत वस्तीस येऊ शकतात. ऊती गळून कोरडा सांगाडाच उरला असेल, तर मात्र इलाज नाही.

टिपणवही

या सर्व प्रसंगांत एक साम्य आहे. दोष डोळ्यांना दिसतो त्याच्या किती तरी दिवस आधी तो पाण्यात शिरलेला असतो. म्हणून तापमान, लवणता, सामू, अल्कता व घातलेले अन्न यांची नोंद तारखेनिशी ठेवणारी साधी वही फार मोलाची ठरते. बिघाड दिसताच प्रथम मोजावे, मागील पाने चाळावीत, आणि मग एका वेळी एकच बदल करून काही दिवस वाट पाहावी. भांबावून पाणी, प्रकाश व औषध एकाच दिवशी बदलणाऱ्यास पेटी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

पेटीत चूक झाली तर तापमान उतरविता येते, पाणी बदलता येते. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० व २०१६ साली समुद्राचे पाणी तापून तेच संकट ओढवले. मैलोगणती प्रवाळ पांढरे पडले. काही पुन्हा सावरले, पुष्कळ मेले. तेथे पंखा लावणारा कोणी नव्हता. काचेच्या पेटीत एका अंशाचे मोल काय असते हे ज्या विद्यार्थ्याने वहीत नोंदवून ठेवले आहे, त्याला त्या बातमीचा अर्थ इतरांहून लवकर उमगेल.