समुद्राच्या तापमानाची चार नावे

जगभरच्या समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा जुना आलेख पाहिला, तर १९४५च्या अखेरीस तो एकदम खाली घसरलेला दिसतो. घसरण सुमारे ०.३ अंश सेल्सिअसची. एवढा अवाढव्य जलसाठा काही महिन्यांत इतका निवायला तसेच जबर कारण हवे, आणि ते कारण कुणाला सापडत नव्हते. २००८ साली डेव्हिड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये उलगडा केला: समुद्र निवलाच नव्हता, मोजणारी जहाजे बदलली होती. युद्धकाळातल्या बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या. इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान ती नोंदवत, आणि इंजिनखोलीच्या उबेमुळे आकडा थोडा चढाच येई. युद्ध संपले आणि नोंदींत ब्रिटिश जहाजांचा वाटा वाढला. तिथले खलाशी बादलीने पाणी वर ओढत; थर्मामीटर वाचून होईपर्यंत बादलीतले पाणी वाऱ्याने गार होऊ लागे. दोन्ही आकडे पुढे एकाच रकान्यात जमा झाले. रकान्याचे नाव काय, तर समुद्राचे तापमान.

उपग्रह आले म्हणून हा घोळ मिटला नाही. उलट वाढला.

अवरक्त किरण टिपणाऱ्या उपग्रहाला समुद्राचा फक्त वरचा १० ते २० मायक्रोमीटरचा थर दिसतो. माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड असतो. सूक्ष्मलहरी टिपणारी उपकरणे, उदाहरणार्थ जपानच्या जीकॉम-डब्ल्यू उपग्रहावरचे एएमएसआर-२, साधारण एक मिलिमीटर खालपर्यंतचे तापमान सांगतात. वाहत्या बोयाचा संवेदक वीसेक सेंटिमीटरवर असतो, जहाजाचे पाणी आत घेणारे तोंड काही मीटर खाली. आता गंमत पाहा. हवेला उष्णता देत असल्यामुळे सगळ्यात वरचा तो थर दुधावरच्या सायीसारखा वेगळा पडतो आणि खालच्या पाण्यापेक्षा साधारण ०.२ अंशाने थंड असतो. उलट वारा पडलेल्या कडक दुपारी वरचे मीटरभर पाणी खालच्यापेक्षा काही अंशांनीही तापू शकते. म्हणजे एकाच जागी, एकाच क्षणी घेतलेले चार आकडे वेगवेगळे, आणि चारही बरोबर.

यातला एकच आकडा निवडून बाकीचे टाकून द्यावेत, तर तेही जमत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढग दाटले की अवरक्त उपकरण आंधळे होते. सूक्ष्मलहरींना ढगांची अडचण नाही, मात्र किनाऱ्याजवळ जमिनीच्या प्रारणामुळे त्यांचे मोजमाप बिघडते. दोघांची सांगड घालायलाच हवी, आणि त्यासाठी कोणता आकडा कुठल्या थराचा हे फाइलीतच लिहिलेले हवे.

‘सीएफ कन्व्हेन्शन्स’ नावाचे संकेत नेमके हेच करतात. सीएफ म्हणजे क्लायमेट अँड फोरकास्ट. मुळात हवामानाच्या प्रारूपांच्या माहितीसाठी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ते घडवले. पहिली आवृत्ती २००३ची. त्यांचा गाभा म्हणजे प्रमाण नावांचा तक्ता. त्यात आज चार हजारांहून जास्त नावे आहेत, प्रत्येकासोबत व्याख्या आणि एकक. समुद्राच्या तापमानापुरती पाहिली तर मोघम ‘सी_सरफेस_टेंपरेचर’, अवरक्तवाल्यांचे ‘सी_सरफेस_स्किन_टेंपरेचर’, सूक्ष्मलहरींचे ‘सी_सरफेस_सबस्किन_टेंपरेचर’, आणि दिवसाच्या तापण्याचा परिणाम जिथे पोचत नाही त्या पाण्याचे ‘सी_सरफेस_फाउंडेशन_टेंपरेचर’. लांबलचक, रुक्ष, अधोरेषांनी जोडलेली ही नावे वाचताना जीभ अडखळते. तरी मला ती आवडतात, कारण त्यांत कुणी हुशारी दाखवायला गेलेले नाही.

प्रत्यक्ष फाइल उघडली तर काय दिसते? समुद्रपृष्ठाच्या तापमानावर काम करणाऱ्या ‘जीएचआरएसएसटी’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या पद्धतीची फाइल घेऊ. एका चौकटीत २८५० एवढाच पूर्णांक आहे. शेजारच्या नोंदी सांगतात की त्याला ०.०१ने गुणा आणि २७३.१५ मिळवा. उत्तर ३०१.६५ केल्विन, म्हणजे साडेअठ्ठावीस अंश सेल्सिअस. कोकणापुढच्या समुद्राला शोभेल असे. जिथे मोजमापच नाही, तिथे उणे ३२७६८ हा खुणेचा आकडा. वेळ लिहिली आहे १ जानेवारी १९८१पासून उलटलेल्या सेकंदांत. आणि एका ओळीत प्रमाण नाव. ही ओळ नसती, तर २८५० हा आकडा कुठल्या थराचा ते फाइल तयार करणाऱ्यालाच विचारावे लागले असते, तो भेटला तर.

हा काटेकोरपणा सगळ्यांनाच लागतो असे नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते, तेव्हा तिला थंड आणि उबदार पाण्याची सीमारेषा हवी असते. सगळेच आकडे ०.२ अंशाने सरकले तरी ती रेषा जागची हलत नाही. शंभर-दीडशे वर्षांची तापमानवाढ शोधणाऱ्याला मात्र ०.२ अंशाची चूक म्हणजे मोठाच फटका, कारण त्या काळातली समुद्रपृष्ठाची एकूण वाढच एका अंशाच्या आत आहे.

उंचीच्या मोजमापात तर याहून मोठा खड्डा आहे. समुद्राची पातळी मोजणारा टोपेक्स-पोसायडन उपग्रह १९९२ साली अवकाशात गेला. त्याच्या मोजणीसाठी पृथ्वीचा जो आदर्श लंबगोल धरला, तो जीपीएसच्या लंबगोलापेक्षा सुमारे ७० सेंटिमीटरने लहान. समुद्र सध्या वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो आहे. कुठला लंबगोल, हे न पाहता दोन फाइली एकमेकींतून वजा केल्या तर एका फटक्यात दोनशे वर्षांची वाढ हाती येईल! म्हणून उंची लंबगोलापासूनची, जिऑइडपासूनची (म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या समपातळीपासूनची) की सरासरी समुद्रपातळीपासूनची, हे तक्त्यातल्या नावातच येते. लंबगोल नेमका कोणता ते मात्र नावात मावत नाही, ते वेगळे नोंदवावे लागते. वाऱ्याचीही तीच तऱ्हा. हवामानवाले वारा कुठून आला ते सांगतात, समुद्रवाले प्रवाह कुठे चालला ते. म्हणून ‘विंड_फ्रॉम_डायरेक्शन’ आणि ‘विंड_टू_डायरेक्शन’ अशी दोन नावे, त्यांत बरोबर १८० अंशांचे अंतर.

नवे नाव कुणीही सुचवू शकतो. त्यावर खुली चर्चा होते, व्याख्येतला शब्द न् शब्द तपासला जातो. स्पेलिंग अमेरिकी, अक्षरे लहान लिपीतली, मध्ये मोकळी जागा नाही. सगळ्यात शहाणपणाचा नियम जुन्या नावांचा: नाव बदलले तरी जुने पुसत नाहीत, पर्यायी नाव म्हणून तक्त्यात ठेवतात, म्हणजे वीस वर्षांपूर्वीची फाइलही वाचता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने आपल्या प्रारूपाचे निष्कर्ष सीएमआयपी-६ या जागतिक प्रकल्पाला दिले, तेही याच संकेतांनुसार. त्या फाइलींत समुद्राच्या तापमानाचे घरगुती नाव ‘टीओएस’ असे तुटक आहे. ओळख पटते ती शेजारच्या प्रमाण नावामुळे.

जमिनीच्या उपग्रहचित्रांत ही शिस्त बरीच उशिरा आली. लँडसॅट-७चा चौथा बँड, म्हणजे तरंगलांबींचा पट्टा, निअर इन्फ्रारेड. २०१३च्या लँडसॅट-८मध्ये सुरुवातीला एक नवा बँड घातला, पुढचे क्रमांक सरकले आणि चौथा झाला लाल. आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्यात चौथा निअर इन्फ्रारेडच. पिकांची हिरवाई याच दोन बँडांच्या फरकावरून काढतात, तेव्हा नुसत्या क्रमांकावर विसंबलेला प्रोग्रॅम शेत हिरवे असताना उजाड ठरवू शकतो. २०२१मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘स्टॅक’ या सूचीपद्धतीत क्रमांकाशेजारी ‘रेड’, ‘एनआयआर’ अशी सामाईक नावे आणि बँडची मधली तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये लिहिण्याची सोय आहे. युरोपच्या सेंटिनेल-२वर तर निअर इन्फ्रारेडचे दोन बँड आहेत, ८ आणि ८ए. त्यांतल्या रुंद बँडला ‘एनआयआर’ म्हणायचे आणि अरुंदला ‘एनआयआर०८’.