ब्रायटनची छत्री

लंडनकरांस समुद्राची आठवण झाली म्हणजे ते ब्रायटनला जातात. अंतर सुमारें पन्नास मैल; व्हिक्टोरिया स्टेशनावर गाडींत बसावें आणि तासाभरानें खाऱ्या वाऱ्यांत उतरावें. शनिवार-रविवारीं या गाड्यांना जत्रेचें रूप येतें. मुलांकडे दोन-चार महिने राहावयास गेलेलीं आमच्यासारखीं वृद्ध माणसें या जत्रेंत सहसा सांपडत नाहींत. तीं नातवंडांना बागेंत नेतात आणि संध्याकाळीं खिडकींतून पाऊस पाहतात. परंतु आम्ही चार जुने स्नेही, एक वकील, एक डॉक्टर, एक रेल्वेंतून निवृत्त झालेले इंजिनियर आणि चौथे शाळामास्तर आम्ही, योगायोगानें एकाच वेळीं लंडनांत होतों. "सुटीच्या दिवशीं तरी मुलांना आपल्यापासून सुटी द्यावी," असा मुद्दा वकिलांनीं मांडला आणि तो सर्वांस पटला. एका शनिवारीं सकाळीं निघालों, तो रविवारीं रात्रीं परतलों.

समुद्रकिनारा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळू येते. येथें वाळू नाहीं. किनारा सगळा गोट्यांचा. लाट परततांना या गोट्या घरंगळतात आणि जात्यांत हरभरे भरडावे तसा आवाज होतो. समुद्रांत दूरवर गेलेला, १८९९ सालीं खुला झालेला एक मोठा धक्का आहे, त्यावर पाळणे, खाऊ आणि गोंगाट. पश्चिमेकडच्या दुसऱ्या धक्क्याचा, जो १९७५ सालीं बंद पडला व २००३ सालीं जळाला, लोखंडी सांगाडा तेवढा पाण्यांत उभा आहे. आमच्या इंजिनियर मित्रांना या दोहोंपेक्षां किनाऱ्याकाठची छोटी विजेची आगगाडी पाहण्याची उत्कंठा अधिक. ती १८८३ सालीं सुरू झाली आणि आजवर चालू असलेली जगांतील सर्वांत जुनी विजेची रेल्वे म्हणून तिची ख्याति आहे. त्यांनीं तींतून दोन खेपा केल्या. आम्ही एकींतच तृप्त झालों.

हें शहर मूळचें कोळ्यांचें खेडें. त्याला वैभव आलें तें वैद्यकामुळें. जवळच्या लुइस गांवच्या डॉक्टर रसेल यांनीं १७५० सालीं समुद्रजलाच्या गुणांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहिला. हें पाणी अंगावर घ्यावें इतकेंच नव्हे, तर प्यावें, असें त्यांचें प्रतिपादन. (आमच्या डॉक्टरांनीं या ठिकाणीं फक्त भुंवया उंचावल्या.) श्रीमंत रोगी येऊं लागले, त्यांच्यामागून निरोगी श्रीमंत आले, आणि शेवटीं स्वतः युवराज, पुढें चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेले, येथें रमले.

याच वैद्यकाच्या लाटेवर आपला एक देशबंधुही येथें प्रतिष्ठा पावला. पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेले शेख दीन महंमद हे कंपनीच्या फौजेबरोबर वाढले, आयर्लंडमध्यें स्थायिक झाले, आणि १७९४ सालीं त्यांनीं आपल्या प्रवासाचें इंग्रजी पुस्तक छापलें. हिंदी मनुष्यानें इंग्रजींत लिहून प्रसिद्ध केलेलें हें पहिलें पुस्तक होय. लंडनांत १८१० सालीं काढलेलें त्यांचें हिंदुस्थानी पद्धतीचें भोजनगृह चाललें नाहीं. मग ते ब्रायटनास आले आणि वाफेचें स्नान व अंगमर्दन यांचें दुकान मांडलें. तें मात्र असें चाललें कीं, दोन राजांनीं त्यांना आपला अंगमर्दक नेमलें. इंग्रजींतला 'शांपू' हा शब्द मूळ हिंदींतील 'चाँपना', म्हणजे दाबणें, यावरून आला. आपण वडिलांचे पाय चेपतों तें मनांत आणिलें म्हणजे अर्थ उलगडतो. डोक्याला लावण्याच्या साबणाचा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला. महंमद १८५१ सालीं वारले. त्यांची कबर येथल्या सेंट निकोलसच्या आवारांत आहे.

परंतु ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तें पुढेंच आहे.

शहराच्या मधोमध युवराजांचा राजवाडा उभा आहे. जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञानें १८१५ ते १८२२ या काळांत त्याला आजचें रूप दिलें. बाहेरून पाहावें तों घुमट, मिनार, जाळ्या. जणूं दिल्ली-लखनौची एखादी हवेली समुद्रापार उडून आली आहे. आंत जावें तों सारें चिनी, भोजनगृहाच्या छताला रुपेरी अजगर, त्याच्या पंजांत भलेंमोठें झुंबर. ज्यानें हें बांधविलें त्यानें हिंदुस्थान पाहिला नव्हता आणि चीनही पाहिला नव्हता. वकील म्हणाले, "मास्तर, हें पाठांतर आहे, अर्थ कळलेला नाहीं." आम्हांला तें इतकें कठोरपणें म्हणवणार नाहीं, कारण संगीतगृहांत शिरतांच आमचाही श्वास क्षणभर थांबला. व्हिक्टोरिया राणीस मात्र हा वाडा रुचला नाहीं. तिनें तो विकावयास काढला व १८५० सालीं नगरसंस्थेनें ५३,००० पौंडांस विकत घेतला. हें साल वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

पहिलें महायुद्ध १९१४ च्या ऑगस्टांत पेटलें. सप्टेंबरांत हिंदी पलटणी मार्सेय बंदरांत उतरल्या आणि अंगावर उन्हाळी कपडे असतांनाच त्यांतील कित्येकांना फ्रान्स-बेल्जमच्या चिखलांत व थंडींत उभें राहावें लागलें. जखमींची रीघ लागली. त्यांना समुद्र ओलांडून इंग्लंडास आणावयाचें, पण ठेवावयाचें कोठें? तेव्हां ब्रायटनचा हा वाडा, त्याला लागून असलेली घुमटाकृति प्रचंड पागा आणि धान्याचा बाजार यांचें मिळून रुग्णालय करण्यांत आलें. डिसेंबर १९१४ मध्यें पहिले रुग्ण आले. सातशेंहून अधिक खाटा होत्या. अजगरांच्या झुंबराखालीं, कमळांच्या नक्षीखालीं शीख, गढवाली, पठाण, गुरखे निजले. राजेशाही मुदपाकखान्यांत, जेथें ताडाच्या झाडांच्या आकाराचे लोखंडी खांब आहेत, शस्त्रक्रिया होऊं लागल्या.

आमच्या वाचक भगिनींना विशेष कौतुक वाटेल तें स्वयंपाकाच्या व्यवस्थेचें. एकंदर नऊ स्वयंपाकघरें होतीं. मुसलमानांचीं वेगळीं, मांसाहारी हिंदूंचीं वेगळीं, शाकाहाऱ्यांचीं वेगळीं. प्रत्येक दालनांत हिंदूंसाठीं एक व मुसलमानांसाठीं एक असे पाण्याचे दोन नळ. पाट्या उर्दू, हिंदी व गुरुमुखी लिपींत. आवारांत मुसलमानांच्या नमाजासाठीं जागा राखलेली आणि शिखांसाठीं गुरुद्वाराचा तंबू. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या मंगलकार्यांतसुद्धां सोवळ्याची इतकी चोख वांटणी होत नसेल! डॉक्टरांचें मत असें कीं, हेतु कांहींही असो, रोग्यास आपल्या हातचें अन्न मिळालें म्हणजे जखम लवकर भरते, आणि ज्यानें हें ओळखलें तो चांगला डॉक्टर.

वकिलांचें मत निराळें. १८५७ ची काडतुसें सरकार विसरलें नव्हतें, असें ते म्हणाले. एका चुकीच्या पातेल्यानें सबंध पलटण बिथरली असती. शिवाय या पाहुणचाराची जाहिरात करावयाची होती. तीही झाली. वाड्याचा इतिहास सांगणारी पुस्तिका इंग्रजी, उर्दू आणि गुरुमुखींत छापून काढण्यांत आली. खाटांवरच्या शिपायांचीं छायाचित्रें काढलीं गेलीं. राजानें आपला वाडा शिपायांकरितां रिकामा करून दिला, अशी समजूत पसरली व ती कोणीं फारशी दूर केली नाहीं. वाडा तर १८५० पासून राजाचा नव्हताच. तो पासष्ट वर्षें नगरसंस्थेचा होता. पंचम जॉर्ज बादशहा स्वतः येथें आले, आणि ऑगस्ट १९१५ मध्यें त्यांनीं वाड्याच्या हिरवळीवर जमादार मीर दस्त या पठाण वीरास व्हिक्टोरिया क्रॉस दिला. विषारी वायूच्या माऱ्यांत त्यानें जखमी सोबत्यांना उचलून आणिलें होतें. त्याचाच भाऊ मीर मस्त त्याच वर्षाच्या मार्चांत जर्मनांकडे निघून गेला होता. एका घरांत दोन भाऊ. कोणाच्या निष्ठेचा हिशेब कोणीं मांडावा!

हा वाद आमचा दुपारच्या चहापर्यंत चालला. परंतु ब्रायटनांत रुग्णालय एकच नव्हतें, आणि दुसरें पाहिल्यावांचून वादाचा निकाल लागत नाहीं. शहराच्या उंचवट्यावर एल्म ग्रोव्ह भागांत गरिबांचें जुनें श्रमगृह होतें. तेथून गरिबांना हलवून किचनर रुग्णालय थाटलें गेलें. तेथल्या प्रमुखाचें नांव कर्नल सीटन. शिपायांनीं गांवांत मोकळेपणीं हिंडूं नये, इंग्रज स्त्रियांशीं त्यांचा परिचय वाढूं नये, म्हणून या आवाराच्या भिंतींवर काटेरी तार लावली गेली, पहारे बसले. देशासाठीं हातपाय गमावून आलेला मनुष्य बंदिवानासारखा आंत. ही बंदी केवळ शिपायांना नव्हती. तेथें काम करणाऱ्या हिंदी कर्मचाऱ्यांनाही होती. शेवटीं १९१५ सालीं तेथल्या एका हिंदी सब-असिस्टंट सर्जननें कर्नल सीटनवर पिस्तूल रोखलें. सीटन वांचले, त्या मनुष्यास शिक्षा झाली. त्याचें आडनांव गोडबोले.

हें नांव निघतांच आम्ही चौघे कांहीं वेळ बोललों नाहीं. कृत्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. डॉक्टरनें पिस्तूल उचलावें हें आमच्या डॉक्टरांना तर अगदींच रुचलें नाहीं. पण कोंकणांतल्या कोणा एका घरची ओळख सांगणारें तें आडनांव त्या काटेरी तारेमागें उभें राहिलें, आणि मग नऊ स्वयंपाकघरांचें कौतुक पूर्वीसारखें तोंडांतून निघेना. कौतुक खोटें नव्हे, तारही खोटी नव्हे. एकाच शहरांत, एकाच वर्षीं दोन्ही होतीं. वाड्याच्या दक्षिण प्रवेशाशीं हिंदी जनतेनें व संस्थानिकांनीं कृतज्ञतेनें दिलेला गुजराती धाटणीचा दरवाजा आहे. पतियाळाच्या महाराजांनीं ऑक्टोबर १९२१ मध्यें तो उघडला. त्यावर अर्थातच तारेचा उल्लेख नाहीं.

रविवारीं सकाळीं आम्ही छत्री पाहावयास गेलों. पॅचमपर्यंत बस जाते. पुढें गवताळ टेकड्यांतून, मेंढ्यांच्या कुरणांतून पायींच जावें लागतें. मोटार वरपर्यंत जात नाहीं, हें बरेंच आहे. ब्रायटनच्या रुग्णालयांत बारा हजारांहून अधिक हिंदी सैनिक उपचारांसाठीं आले. त्यांपैकीं जे मृत्यु पावले, त्यांतल्या मुसलमानांना वोकिंग येथें मशिदीजवळच्या दफनभूमींत नेलें; आणि ५३ हिंदू व शीख यांच्या चिता या टेकडीवर, शहरापासून दूर, उघड्या वाऱ्यांत रचल्या गेल्या. अस्थि समुद्रांत सोडल्या. मराठा पलटणी त्या युद्धांत प्रामुख्यानें मेसापोटेमियाकडे लढल्या. म्हणून येथें आपल्याकडचीं नांवें शोधूं नयेत.

स्मारकाची कल्पना इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट दासगुप्त यांनीं काढली, महापौर ऑटर यांनीं ती उचलून धरली, आणि आराखडा केला ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुशिल्पज्ञानें. सिसिलीच्या पांढऱ्या संगमरवराचा घुमट, आठ खांब, आणि जेथें चिता पेटल्या त्या जागीं ग्रॅनाइटच्या तीन शिळा, एवढेंच. १ फेब्रुवारी १९२१ रोजीं प्रिन्स ऑफ वेल्स यांनीं अनावरण केलें. दुसऱ्या महायुद्धांत या टेकड्यांवर फौजेच्या कवायती चालल्या, तेव्हां गोळ्यांनीं संगमरवर छिलला गेला. नंतर दुरुस्ती झाली. १९५१ पासून दरवर्षी येथें स्मरणाचा विधि होत आला आहे. तो आतां जून महिन्यांत असतो. खालच्या शहरांतला राजवाडा ज्या रूपाची नक्कल करीत होता, तें रूप येथें खऱ्या माणसांच्या कामीं आलेलें आम्हीं पाहिलें. इंजिनियर मित्रांनीं खांबांवरून हात फिरवून सांधे तपासले व "चोख" असा अभिप्राय दिला.

इतकीं वर्षें या मृतांचीं नांवें मात्र जागेवर नव्हतीं. तीं २०१० च्या सप्टेंबरांत, छत्रीजवळ बसविलेल्या एका शिलेवर, कोरलीं गेलीं. आम्हीं जोडे काढले. डॉक्टरांनीं पिशवींतली पाण्याची बाटली काढून शिळांवर थोडें पाणी सोडलें. वकिलांनीं चष्मा पुसून पहिलें नांव मोठ्यानें वाचलें, दुसरें आम्हीं, आणि असें आळीपाळीनें त्रेपन्नही वाचून झालीं. मग उन्हें वर आलीं, आणि आम्ही टेकडी उतरूं लागलों.