उमेदवारीचं एक वर्ष : माजी सैनिकांची रुग्णालयं आणि नवी परिचारिका

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘माहीत असणं’ आणि ‘येणं’ यांतला फरक पाहिला. मराठीत हा फरक क्रियापदातच आहे. नदीची खोली आपल्याला माहीत असते, पोहायला मात्र येतं. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा पटवायला पुष्कळ पानं खर्च केली. त्याला मराठी येत असती तर थोडी कमी लागली असती.

त्यावर काही श्रोत्यांनी असं कळवलं की तुमची उदाहरणं सगळी पोहण्याची आणि सायकलची. जिथे चुकलं तर दुसऱ्याचा जीव जातो असं उदाहरण घ्या. सूचना रास्त आहे. म्हणून आज आपण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत जाणार आहोत. तिथे नव्याने पदवी घेतलेल्या परिचारिकांसाठी आणि नर्स प्रॅक्टिशनर्ससाठी एक वर्षाचं प्रशिक्षण असतं, त्याला ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. हे वर्ष कशासाठी, आणि पदवी व परवाना हातात असताना त्याची गरज का पडते, हा आजचा प्रश्न.

आधी जागा समजून घेऊ. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र विभाग आहे, व्हेटरन्स अफेअर्स. सगळे त्याला ‘व्हीए’ म्हणतात. त्याची सुमारे १७० रुग्णालयं आहेत, हजारावर बाह्यरुग्ण केंद्रं आहेत आणि नोंदणी केलेले माजी सैनिक नव्वद लाखांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांचा लोंढा परत आला तेव्हा या रुग्णालयांकडे पुरेसे डॉक्टर नव्हते. १९४६ मध्ये निर्णय झाला की ही रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडायची. तेव्हापासून व्हीए ही सेवेची तशीच शिक्षणाचीही संस्था आहे. आज दरवर्षी आरोग्यक्षेत्रातले लाखावर विद्यार्थी आणि उमेदवार तिथे शिकतात.

‘रेसिडेन्सी’ हा शब्द डॉक्टरांकडून आला. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झालं, तिथे ऑस्लर आणि हालस्टेड यांनी शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालयातच राहायला लावलं. राहतो तो रेसिडेंट. आपल्याकडे याला जुना चांगला शब्द आहे, ‘उमेदवारी’. वकिलाकडे, छापखान्यात, सोनाराकडे माणूस उमेदवारी करायचा. त्या शब्दात ‘उमेद’ आहे, हे आम्हाला विशेष आवडतं.

आता गंमत पाहा. एकेकाळी परिचारिकाही रुग्णालयातच राहत. रुग्णालयाला जोडलेली नर्सिंगची शाळा, तिथेच वसतिगृह, आणि वॉर्ड चालवायचे ते या विद्यार्थिनींनीच. शिक्षण कमी आणि राबवून घेणं जास्त, अशी ती पद्धत होती. विसाव्या शतकात नर्सिंगचं शिक्षण हळूहळू महाविद्यालयांत गेलं. ते योग्यच झालं. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, संशोधन हे सगळं पक्कं झालं. पण खाटेजवळचा वेळ घटला. मुलगी पदवी घेते, एनसीएलईएक्स नावाची परवाना परीक्षा उत्तीर्ण होते, आणि सोमवारी सकाळी चार-पाच रुग्ण एकदम तिच्या अंगावर येतात. विद्यार्थिनी असताना तिच्याकडे एक किंवा दोन असायचे.

या धक्क्याला मार्लिन क्रेमर या अभ्यासक परिचारिकेने १९७४ मध्ये ‘रिॲलिटी शॉक’ असं नाव दिलं. तिच्या मते धक्का निव्वळ कामाचा नसतो. महाविद्यालयात शिकवलेलं असतं की रुग्णाचं पूर्ण ऐकून घ्या. वॉर्डात शाबासकी मिळते ती वेळेत काम आटपणारीला. दोन्ही मूल्यं खरी, आणि त्यांत निवड करायला कोणी शिकवलेलं नसतं. मग काहीजणी कठोर होतात, काही नोकरी बदलतात, काही व्यवसायच सोडतात. आमच्या मते या प्रश्नाचा हा खरा नैतिक भाग आहे. नवी मुलगी रडत घरी जाते तेव्हा सगळे म्हणतात, ‘पहिलं वर्ष असंच असतं.’ म्हणजे संस्थेची जबाबदारी तिच्या एकटीच्या सहनशक्तीवर ढकलली जाते. आणि ती शिकते कोणावर? खाटेवरच्या माणसावर. २०१० मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने परिचर्येच्या भवितव्यावर अहवाल दिला, त्यात परिचारिकांसाठी रेसिडेन्सी सुरू करा अशी स्पष्ट शिफारस होती.

इथे आपलं तत्त्वज्ञान येतं, आणि तेही आडवाटेने. बर्कलेचा ह्युबर्ट ड्रायफस हा हायडेगरचा अभ्यासक. त्याने भाऊ स्टुअर्ट याच्यासह १९८० मध्ये कौशल्य कसं येतं याच्या पाच पायऱ्या मांडल्या. काम केलं अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर. उदाहरणं वैमानिकांची आणि बुद्धिबळपटूंची. नवशिका नियम पाळतो. तज्ज्ञाला नियम आठवावे लागत नाहीत, त्याला परिस्थितीच दिसते. पॅट्रिशिया बेनर हिने हा विचार परिचारिकांना लावून १९८४ मध्ये ‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ हे पुस्तक लिहिलं. आज नर्सिंगच्या जगात ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे वैमानिकांसाठी काढलेला हिशेब फिरून माजी सैनिकांच्या खाटेपाशी आला.

बेनरच्या मते नवी पदवीधर दुसऱ्या पायरीवर असते. तिला गोष्टी दिसतात, पण कुठली आधी आणि कुठली नंतर हे ठरवता येत नाही. सक्षम व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तेव्हा एका वर्षात तज्ज्ञ तयार होते अशी कोणी समजूत करून घेऊ नये. या वर्षात साधतं ते एवढंच की पायरी चढताना तिचा हात कोणीतरी धरलेला असतो.

समजा, सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आहे. व्हिएतनाममध्ये होता. नवी परिचारिका विचारते, दुखणं शून्य ते दहा किती? तो म्हणतो, ‘शून्य. ठीक आहे मी.’ ती शून्य लिहिते. नियमाप्रमाणे बरोबर. बरोबरची अनुभवी परिचारिका, तिला ‘प्रिसेप्टर’ म्हणतात, तिला दिसतं की याने खाटेचा कठडा घट्ट धरलाय, जेवण तसंच आहे, आणि खोलीत कोणीही आलं की याची नजर आधी दाराकडे जाते. सैन्यात तक्रार न करणं अंगवळणी पडलेलं असतं. त्याचा ‘शून्य’ हा आकडा नसून सवय आहे. रात्री औषधासाठी त्याला उठवायचं तर खांद्याला हात लावायचा नाही. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून नावाने हाक मारायची. युद्धाच्या आठवणींनी दचकून उठणारा माणूस हात उगारू शकतो, आणि मग त्यालाच शरमेने झोप येत नाही. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना यातलं काही घरातच पाहायला मिळालं असेल.

किंवा साधा वाटणारा प्रश्न घ्या: कुठे होतात, केव्हा, काय काम होतं? नेहमीच्या रुग्णालयात याची गरज नसते. इथे उत्तरावर निदानही अवलंबून असतं आणि पेन्शनही. व्हिएतनाममध्ये ‘एजंट ऑरेंज’ या झाडंनाशक रसायनाशी संबंध आलेल्याला पुढे मधुमेह झाला, तर तो सेवेतूनच उद्भवला असं कायदा गृहीत धरतो. इराक-अफगाणिस्तानात उघड्या खड्ड्यांत कचरा जाळला जायचा, त्या धुरात राहिलेल्यांसाठी २०२२ मध्ये ‘पॅक्ट’ नावाचा मोठा कायदा झाला. परिचारिकेने हा प्रश्न नीट विचारला नाही तर एखाद्याचं हक्काचं काही कायमचं बुडू शकतं.

याहून अवघड प्रश्न असतो: घरात बंदूक आहे का, आणि ती कुठे ठेवता? तिथल्या माजी सैनिकांत आत्महत्येचं प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त आहे, आणि त्यांत बंदुकीचा वापरही. व्हीए बंदुकीला लावायची कुलुपं मोफत देते. पण कुलूप देण्याआधी हा प्रश्न अपमान वाटणार नाही अशा स्वरात यावा लागतो. तो स्वर पुस्तकात नसतो. रेसिडेन्सीत याचा सराव करून घेतात. एक जण रुग्ण होतो, दुसरी विचारते, बाकीचे पाहतात, मग चर्चा होते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला पहिल्या वेळी ते वाक्य उच्चारणं किती जड जात असेल! खऱ्या रुग्णासमोर तरी ती पहिली वेळ नसावी.

नर्स प्रॅक्टिशनरची गोष्ट थोडी वेगळी, आणि जास्त वादाची. ही पदव्युत्तर शिक्षण घेतलेली परिचारिका. ती तपासते, निदान करते, औषध लिहून देते. याचा पहिला अभ्यासक्रम १९६५ मध्ये कोलोरॅडोला लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला. तिला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय काम करता येतं की नाही हे अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळं आहे. पण व्हीए केंद्र सरकारची. तिने २०१६ च्या अखेरीस नियम करून आपल्या नर्स प्रॅक्टिशनर्सना पूर्ण स्वतंत्र अधिकार दिले, राज्याचा कायदा काही म्हणो. डॉक्टरांच्या संघटनांनी मोठा विरोध केला. भूल देणाऱ्या परिचारिकांना त्या नियमातून वगळलं गेलं.

आता ही रेसिडेन्सी नर्स प्रॅक्टिशनरला कायद्याने सक्तीची नाही. यावरून व्यवसायातच वाद आहे. काहीजणी म्हणतात, आमचा अभ्यासक्रम पुरेसा आहे. रेसिडेन्सी हवी असं म्हणणं म्हणजे आम्ही कच्च्या आहोत ही विरोधकांच्या हातात दिलेली कबुली. या युक्तिवादात वजन आहे, पण तो आम्हाला पटत नाही. डॉक्टर पदवीनंतर काही वर्षं उमेदवारी करतो, त्यामुळे त्याची पदवी हलकी ठरत नाही. अधिकार पूर्ण आहे म्हणूनच आधाराची गरज जास्त आहे.

व्हीएने २०११ मध्ये पाच ठिकाणी प्राथमिक उपचारांच्या शिक्षणाची खास केंद्रं काढली: बॉइसी, क्लीव्हलंड, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल आणि वेस्ट हेवन. तिथे नर्स प्रॅक्टिशनर रेसिडेंट आणि डॉक्टर रेसिडेंट एकाच दालनात, एकाच रुग्णावर शिकू लागले. जोडीला औषधतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. सुरुवातीला दिवसाला मोजके रुग्ण, मग हळूहळू वाढवत न्यायचे. यात आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की ‘मला कळत नाही’ असं डॉक्टरसमोर म्हणायची आणि डॉक्टरकडून ऐकायची सवय दोघांना एकाच वर्षी लागते.

इथे एक कूट प्रश्न उरतो. ड्रायफस म्हणतो, तज्ज्ञ नियमांनी चालत नाही, त्याला दिसतं. मग जे आपल्याला दिसतं पण सांगता येत नाही, ते शिकवायचं कसं? ‘मला वाटलंच होतं’ एवढंच म्हणणारी परिचारिका कदाचित उत्तम असेल, पण प्रिसेप्टर म्हणून कुचकामी. शिवाय सरावलेली नजर आणि पूर्वग्रह आतून अगदी सारखे वाटतात. दोन्ही झटकन येतात, दोन्हीबद्दल खात्री असते. अमेरिकेत स्त्री माजी सैनिक सुमारे वीस लाख आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी सांगतात की रुग्णालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘तुमच्या यजमानांचं नाव काय?’ विचारणारा नवशिका नसतो. वर्षानुवर्षं तिथे बसलेला, सरावलेला माणूस असतो. त्यालाही ‘दिसलेलंच’ असतं.

म्हणून या वर्षातली महिन्यातून एकदा एकत्र बसण्याची पद्धत आम्हाला प्रिसेप्टरइतकीच मोलाची वाटते. सगळे नवे उमेदवार बसतात आणि प्रत्येकजण एक प्रसंग सांगतो: काय पाहिलं, काय समजलो, काय केलं. बेनरनेही आपलं संशोधन परिचारिकांनी सांगितलेल्या प्रसंगांवरूनच उभं केलं होतं. सांगताना नजरेला शब्द द्यावे लागतात, आणि शब्द दिले की दुसऱ्याला शंका घेता येते. ॲरिस्टॉटलने म्हटलंय की तरुण मनुष्य भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारातलं शहाणपण त्याला नसतं, कारण ते अनुभवातून येतं. खरं आहे. पण नुसता अनुभव साचला की शहाणपण येतंच असंही नाही, हे आपण सगळ्यांनी आपापल्या कचेऱ्यांत पाहिलेलं आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीचा मोठा खर्च अमेरिकन सरकार मेडिकेअर योजनेतून उचलतं. परिचारिकांच्या रेसिडेन्सीला तशी देशव्यापी कायम सोय नाही. ज्या त्या रुग्णालयाने करायची. व्हीए स्वतःच्या निधीतून करते, म्हणून तिथे ती रुजली. पण खरी चणचण पैशाइतकीच तासांचीही असते. वॉर्डात दोघी रजेवर गेल्या की पहिला फोन येतो तो उमेदवारांच्या बैठकीत: ‘एकीला जरा खाली पाठवा.’ एकदा पाठवलं की पुढच्या महिन्यातही पाठवतात. हे वर्ष टिकतं की नाही ते त्या फोनला ‘नाही’ म्हणणारं कोणी वरच्या जागेवर आहे का यावर ठरतं.

आपल्याकडेही इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला आहे, आणि तो रेसिडेन्सीच्या स्वरूपातच आहे. ज्या श्रोत्यांच्या घरी कोणी तो केला असेल त्यांनी जरूर कळवावं. त्या बैठका आणि ते मोकळे तास प्रत्यक्षात मिळतात का, हे आम्हाला ऐकायचं आहे.

पुढच्या व्याख्यानात बॉस्टनच्या व्हीएमध्ये काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांचा विचार घेऊ. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या हकिगती ऐकताना त्यांना होमरचा अकिलीस आठवला, आणि त्यावर त्यांनी १९९४ मध्ये ग्रंथ लिहिला. ‘नैतिक इजा’ ही कल्पना तिथून पुढे आली. जमल्यास ‘इलियड’ची गोष्ट तेवढी डोळ्यांखालून घालून या.