सीटला तेल नको, सावली हवी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून भाजी घेऊन परतणाऱ्याला स्वतःच्याच गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या अशाच रखरखीत उन्हाळ्यात गाड्या उन्हात ठेवून तापमान मोजलं गेलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांनुसार तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंशांवर, डॅशबोर्ड ६९ वर आणि सीट ५१ अंशांवर पोहोचली. अशा दोन-चार उन्हाळ्यांत चामड्याची सीट कडक पडते, शिवणीपाशी बारीक भेगा दिसू लागतात. मग घरातलं कुणीतरी हमखास सुचवतं, ‘थोडं खोबरेल चोळ, मऊ पडेल.’

वहाणांच्या बाबतीत हा सल्ला अगदी रास्त आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावलेलं असतं आणि त्याचा पृष्ठभाग उघडा असतो. तेल आत झिरपतं, तंतूंमधलं घर्षण कमी करतं. गाडीच्या सीटची गोष्ट निराळी आहे.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. त्याचा रेणू तीन साखळ्यांची तिपेडी वेणी घातल्यासारखा असतो. ही रचना मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मांडली. ओलं कच्चं कातडं साधारण ६५ अंशांना आक्रसतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं, की या साखळ्या एकमेकींशी पक्क्या जोडल्या जातात आणि कातडं उकळत्या पाण्यातही टिकतं. त्यामुळे ५०-६० अंशांचं ऊन सीटला थेट जाळत नाही. ते तिच्यातला ओलावा पळवतं. नागपूरच्या उन्हाळी दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली उतरते. ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर जाते. कातडं आधी सुकून आक्रसतं आणि पावसाळ्यात पुन्हा फुगतं. या ओढाताणीत पहिल्यांदा तडकतो तो वरचा थर.

हा थरच कळीचा आहे. कारखान्यात कातडं ओलं असतानाच मोठ्या पिंपात फिरवून त्यात तेल मुरवतात. त्यानंतर रंगाचा थर देतात आणि सर्वांत वर पारदर्शक पॉलियुरेथेन चढवतात. म्हणजे आपला हात लागतो तो बहुतेक वेळा चामड्याला नाही, तर मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या प्लास्टिकला. तेल त्यातून आत जात नाही. ते वर चिकट राहतं आणि धूळ धरून ठेवतं. धुळीतल्या क्वार्ट्झचे कण या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. बसता-उठता ते सॅंडपेपरचं काम करतात आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड म्हणूनच सर्वांत आधी उघडी पडते.

आपली सीट कुठल्या प्रकारची, हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं. थेंब तसाच राहिला, तर थर शाबूत आहे किंवा ते रेक्झिन आहे. थेंब शोषला जाऊन डाग गडद झाला, तर कातडं उघडं आहे. रेक्झिन ओळखायला कव्हरची उलटी बाजू पाहावी: तिथे कापडाची वीण दिसते, चामड्याला तंतूंची लव असते. बऱ्याच गाड्यांत बसायच्या भागापुरतंच चामडं असतं, बाजूला रेक्झिनच.

मुख्य काम मळ काढण्याचं. घाम, केसांचं तेल आणि सनस्क्रीन यांनी वरचा थर हळूहळू मऊ पडतो. हेडरेस्टवरचे काळपट डाग त्याचीच खूण. चामड्याचा सामू आम्लधर्मी, साधारण ४ च्या आसपास असतो, तर कपड्यांच्या साबणाचा १० च्या घरात. त्यामुळे साबणाचं पाणी, सॅनिटायझर आणि थिनर यांना दूर ठेवावं. सकाळी सावलीत, सीट थंड असताना आधी मऊ ब्रशने धूळ ओढून घ्यावी. चामड्यासाठीच्या सौम्य क्लीनरचा फेस ब्रशवर घ्यावा, आधी लपलेल्या कोपऱ्यावर पाहावा आणि ओलसर मायक्रोफायबरने पुसून घ्यावा. छिद्रांच्या सीटवर द्रव थेट ओतला, तर तो खालच्या फोममध्ये उतरतो.

कंडिशनरचं काय? शाबूत थरावर त्याचा उपयोग मुख्यतः घर्षण आणि करकर कमी करण्यापुरता; शिवणीतून आणि भेगांतून थोडंफार आत जातं तेवढंच. हात राखून लावावा, उरलेला पुसून घ्यावा. कातडं उघडं असेल, तर मात्र त्याची खरी गरज आहे. एकदा पडलेली भेग कुठलाच कंडिशनर सांधत नाही. तिथे रंगाची दुरुस्तीच करावी लागते.

उरतं ऊन. समोरची काच दोन थरांची असते आणि बहुतेक अतिनील किरण अडवते. दारांच्या साध्या काचा त्यातले बरेच आत सोडतात. म्हणून केवळ समोर सनशेड लावून भागत नाही. हिवाळी अधिवेशनात नागपूरभर फिरणाऱ्या सरकारी गाड्यांच्या सीटवरच्या पांढऱ्या टॉवेलला आपण हसतो. पण तो प्रकाश परतवतो, घाम आणि केसांचं तेल टिपतो आणि घरी धुता येतो. महागड्या बाटलीआधी तो घ्यावा.